तह पॅरिसचा, उधारी लंडनची: अमेरिका आणि फ्रान्सची पहिली पंचवीस वर्षं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ‘१७७८ साली फ्रान्सने अमेरिकेशी व्यापाराचा तह केला, सर्वाधिक पसंतीच्या राष्ट्राचा दर्जा मिळवला, तिच्या स्वातंत्र्ययुद्धात पैसा ओतला, आरमार पाठवलं. मग युद्ध संपल्यावर अमेरिकेचा व्यापार पुन्हा इंग्लंडकडेच का गेला? आणि वीस वर्षांच्या आत हे दोघे समुद्रावर एकमेकांची जहाजं का पकडू लागले?’

माझं काम आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचं. जकातीचे वाद, जहाजाचे कागद, व्यापार करारांतल्या कलमांचा अर्थ लावणं, यात सत्तावीस वर्षं गेली. १७७८ चा हा तह मी पहिल्यांदा वाचला तो ‘सर्वाधिक पसंती’च्या कलमाचं मूळ शोधताना, आणि मग त्यातून बाहेर पडता आलं नाही. या नात्याची गोष्ट बहुतेक वेळा सेनापतींच्या आणि मुत्सद्द्यांच्या बाजूने सांगितली जाते. मला ती हिशेबाच्या वहीतून जास्त कळली. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: फ्रान्सने अमेरिकेला तह दिला, कर्ज दिलं, सैन्य दिलं; पण अमेरिकन दुकानदाराला बारा महिन्यांची उधारी दिली नाही. ती लंडनने दिली.

सुरुवात मात्र मळीपासून करावी लागते. साखर कारखान्याच्या परिसरात राहिलेल्या माणसाला मळी म्हणजे काय ते सांगायला नको: साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, दाट, चिकट रस. कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटांवर, म्हणजे मार्टिनिक, ग्वादलूप आणि सँ-दोमँग (आजचं हैती) इथे ही मळी ढिगाने निघायची आणि तिला मायदेशात गिऱ्हाईक नव्हतं. फ्रान्समधल्या ब्रँडीवाल्यांना रमची स्पर्धा नको होती, म्हणून १७१३ पासून तिथे मळीच्या दारूला बंदी होती. इकडे बोस्टन आणि न्यूपोर्टच्या भट्ट्यांना नेमकी तीच हवी होती. न्यू इंग्लंडचे, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या वसाहतींचे, व्यापारी खारवलेले मासे, लाकूड, घोडे घेऊन बेटांवर जायचे आणि मळी भरून परत यायचे. ब्रिटिश पार्लमेंटने १७३३ मध्ये परक्या मळीवर गॅलनला सहा पेन्स जकात बसवली. ती भरण्यापेक्षा जकात अधिकाऱ्याचे हात ओले करणं स्वस्त पडायचं. पुढे सात वर्षांच्या युद्धात फ्रान्स उघड शत्रू असतानाही हा धंदा थांबला नाही. युद्धकैद्यांच्या अदलाबदलीसाठी म्हणून पांढरं निशाण लावून जहाजं निघायची आणि येताना मळीची पिंपं घेऊन यायची. १७६४ मध्ये जकात तीन पेन्सवर आली, पण आता ती खरोखर वसूल करायचं लंडनने ठरवलं. बोस्टनच्या संतापाचं एक मूळ या तीन पेन्सांत आहे.

म्हणजे व्यापार आधीपासून होता, तह नंतर आला. पण तो व्यापार फ्रेंच बेटांशी होता, खुद्द फ्रान्स देशाशी नव्हता. पुढचा सगळा गुंता या फरकातून वाढतो.

१७७५ मध्ये लढाई सुरू झाली तेव्हा वसाहतींकडे बंदुकीची दारूच नव्हती. काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधी सभेने, सायलस डीन नावाच्या कनेक्टिकटच्या व्यापाऱ्याला १७७६ च्या मार्चमध्ये फ्रान्सला धाडलं. सोंग बर्म्युडाच्या व्यापाऱ्याचं, खिशात अदृश्य शाई, आणि फ्रेंच भाषा जेमतेम. तो जुलैत पॅरिसला पोचला तेव्हा परराष्ट्रमंत्री व्हेर्जेन यांनी तयारी केलेलीच होती. सोळाव्या लुईने १० लाख लिव्ह्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मंजूर केले होते. स्पेननेही तेवढेच घातले. ही रक्कम घेऊन नाटककार बोमार्शे याने पॅरिसमध्ये ‘रोदरीग ओर्तालेझ आणि कंपनी’ या नावाची पेढी उघडली. रोदरीग ओर्तालेझ नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता. सरकारी शस्त्रागारातल्या तोफा या पेढीने घ्यायच्या, अमेरिकेला पाठवायच्या आणि बदल्यात तंबाखू, तांदूळ, नीळ मागवून तो विकायचा, अशी कागदावरची योजना. डीनने दोनशे तोफा आणि पंचवीस-तीस हजार सैनिकांपुरती शस्त्रं व कपडे मागितले. ‘मर्क्यूर’ आणि ‘अँफित्रित’ ही जहाजं १७७७ च्या वसंतात न्यू हँपशरमधल्या पोर्ट्समथ बंदराला लागली. त्याच साली ऑक्टोबरमध्ये साराटोगाला ब्रिटिश सेनापती बर्गॉइन शरण आला. अमेरिकन फौजेच्या हातात फ्रेंच बंदुका होत्या आणि दारूही बहुतेक फ्रान्सकडून आलेली.

पण तंबाखू परत आला नाही. काँग्रेसच्या दुसऱ्या वकिलाने, आर्थर लीने, कळवलं की हा सगळा माल म्हणजे राजाची भेट आहे, पैसे द्यायचे नाहीत. डीन म्हणत होता, ही उधारी आहे. बोमार्शे बिलं पाठवत राहिला. भेट की उधार, हा प्रश्न मालाबरोबर कागद नीट न पाठवल्यामुळे उभा राहिला, आणि मी माझ्या कामात असे वाद इतके पाहिलेत की या प्रकरणात बोमार्शेबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. त्याने स्वतःचाही पैसा घातला होता. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

साराटोगाची बातमी ४ डिसेंबर १७७७ ला पॅरिसच्या उपनगरात, पासीला, अमेरिकेचा वकील बेंजामिन फ्रँकलिन याच्या घरी आली. दोन महिन्यांत, ६ फेब्रुवारी १७७८ ला, दोन तह झाले: एक मैत्री आणि व्यापाराचा, दुसरा लष्करी युतीचा. अमेरिकेकडून फ्रँकलिन, डीन आणि ली, फ्रान्सकडून काँराद-अलेक्सांद्र जेरार. फ्रँकलिनने त्या दिवशी जुना निळा मखमली कोट घातला होता. चार वर्षांपूर्वी लंडनला प्रिव्ही कौन्सिलसमोर, म्हणजे ब्रिटिश राजाच्या सल्लागार मंडळासमोर, त्याची जाहीर बेअब्रू झाली तेव्हा अंगावर असलेला तोच. हा तपशील आपल्यापर्यंत आला तो एडवर्ड बँक्रॉफ्टकडून. आणि बँक्रॉफ्ट कोण, तर अमेरिकन वकिलांचा विश्वासू मदतनीस आणि ब्रिटिशांचा पगारी हेर. दर मंगळवारी रात्री साडेनऊनंतर त्वीलरी बागेच्या दक्षिणेकडच्या गच्चीवर एका ठरलेल्या झाडाखालच्या भोकात तो दोरीने बांधलेली बाटली सोडायचा. बाटलीत प्रेमपत्रं असायची आणि त्यांच्या ओळींमध्ये अदृश्य शाईने वकिलातीतली सगळी बातमी. तहाची खबर दोन दिवसांत लंडनला पोचली. बँक्रॉफ्टचं हे दुसरं आयुष्य जगाला कळलं ते थेट १८८९ मध्ये.

आता तहाच्या मजकुराकडे. तुम्ही तो वाचणार असाल तर एक गोष्ट आधी माहीत हवी, नाहीतर कलमांचे आकडे जुळत नाहीत. व्यापारी तहाच्या सही झालेल्या मूळ मजकुरात कलम ११ आणि १२ मळीबद्दल होती. अकराव्यात फ्रान्सने कबूल केलं की बेटांवरून अमेरिकेत जाणाऱ्या मळीवर कधीच निर्यात जकात लावणार नाही. बाराव्यात त्याचा मोबदला: बेटांसाठी फ्रेंच प्रजा अमेरिकेतून जो काही माल नेईल, त्या कुठल्याच मालावर अमेरिकेने जकात लावायची नाही. एका मळीपायी सगळ्या निर्यातीवरचा हक्क सोडायचा, हे आर्थर लीला खटकलं, काँग्रेसलाही खटकलं, आणि १ सप्टेंबर १७७८ ला दोन्ही बाजूंनी ही कलमं काढून टाकली. मग पुढची सगळी कलमं दोनने वर सरकली. म्हणून कुठे तुम्हाला लढाऊ जहाजांनी पकडून आणलेल्या मालाचं कलम १७ म्हणून दिसेल, कुठे १९ म्हणून. दोन्ही बरोबर आहेत. मी पुढे नवे आकडे वापरतो.

माझ्या मते खरं महत्त्वाचं कलम दुसरं. त्यात म्हटलंय की एका पक्षाने तिसऱ्या देशाला व्यापारात काही सवलत दिली तर ती दुसऱ्या पक्षालाही मिळेल. तिसऱ्याला ती फुकट दिली असेल तर फुकट, आणि काही मोबदला घेऊन दिली असेल तर तोच मोबदला दिल्यावर. या शेवटच्या शर्तीने सगळं बदलतं. आज जागतिक व्यापार संघटनेत सर्वाधिक पसंतीचा दर्जा म्हणजे एकाला दिलं की सगळ्यांना आपोआप. १७७८ चं कलम तसं नव्हतं. ‘शर्तीची सर्वाधिक पसंती’ म्हणून जी पद्धत ओळखली जाते ती या तहातून निघाली, आणि अमेरिकेने ती १९२३ पर्यंत धरून ठेवली. तेव्हा प्रश्नातल्या ‘दर्जा मिळवला’ या शब्दांवर माझी पहिली दुरुस्ती ही: फ्रान्सला रांगेत उभं राहायचा हक्क मिळाला होता, पुढचा नंबर मिळाला नव्हता. अमेरिकेचं धोरणच तसं होतं. १७७६ मध्ये जॉन ॲडम्सने तहाचा जो नमुना लिहिला त्यात फ्रान्सला खास वाटा देऊ केला नव्हता. ब्रिटनची व्यापारातली मक्तेदारी मोडते हेच फ्रान्सला पुरेसं बक्षीस, असा त्याचा हिशेब होता. व्हेर्जेननीही हे मान्य केलं. जास्त ओढून घेतलं तर अमेरिका पुन्हा ब्रिटनशी जुळवून घेईल ही त्यांना भीती होती.

आणखी दोन कलमं ध्यानात ठेवा. व्यापारी तहाचं २३ वं: मोकळ्या जहाजावरचा माल मोकळा, म्हणजे तटस्थ देशाच्या जहाजावर शत्रूचा माल असला तरी तो जप्त करायचा नाही, अपवाद फक्त युद्धसामग्रीचा, आणि त्या यादीत धान्य किंवा जहाजबांधणीचं सामान नाही. आणि युतीच्या तहाचं ११ वं: अमेरिकेने फ्रान्सच्या अमेरिकेतल्या मुलुखाची हमी घेतली, ‘आत्तापासून कायमची’. कायमची हा शब्द कुणाही वकिलाला झोप लागू देत नाही.

मराठी वाचकासाठी इथे एक खरा धागा आहे. ‘मर्क्यूर’ पोर्ट्समथला लागलं त्याच वर्षी, १७७७ मध्ये, सँ ल्युबँ नावाचा फ्रेंच माणूस कोकणात उतरून पुण्याला आला आणि नाना फडणविसांनी त्याचा वकील म्हणून सन्मान केला. त्याचा अधिकार किती, शब्दाला किंमत किती, हा वेगळा प्रश्न; पण मुंबई आणि कलकत्त्याच्या इंग्रजांना धडकी भरायला तेवढं पुरलं. वॉरन हेस्टिंग्जने काल्पीहून जमिनीमार्गे फौज पश्चिमेकडे रवाना केली, त्यामागे पुण्यातल्या या फ्रेंच हालचालींची धास्ती होती. जुलै १७७८ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्धाची बातमी कलकत्त्याला पोचली, इंग्रजांनी चंद्रनगर घेतलं, ऑक्टोबरात पाँडिचेरी पडली. आणि जानेवारी १७७९ मध्ये राघोबादादांना घेऊन पुण्यावर चालून आलेल्या मुंबईच्या इंग्रजांना वडगावला तह करावा लागला. फिलाडेल्फियातल्या कुणाला वडगाव माहीत नव्हतं, पण पॅरिसच्या त्या तहाने पेटलेलं युद्ध मावळापर्यंत आलं होतं. नानांनी फ्रेंचांचा उपयोग इंग्रजांना धाक घालण्यापुरता केला आणि त्यांना किनाऱ्यावर ठाणं मिळू दिलं नाही, यात मला त्यांची मोठी समज दिसते.

युद्धाच्या हकिकतीत मी शिरत नाही. रोशांबोचं सैन्य, द ग्रासचं आरमार आणि ऑक्टोबर १७८१ मधली यॉर्कटाउनची ब्रिटिश शरणागती सगळ्यांना माहीत आहे. आकडे मात्र बघा. फ्रान्सने दिलेली आणि हमी घेतलेली कर्जं मिळून ३.४ कोटी लिव्ह्र: थेट १.८ कोटी, हॉलंडमध्ये राजाच्या हमीवर उभारलेले १ कोटी, आणि १७८३ मध्ये आणखी ६० लाख. शिवाय भेट म्हणून सुमारे ९० लाख. फ्रान्सचा स्वतःचा युद्धखर्च बहुतेक अंदाजांप्रमाणे १०० कोटी लिव्ह्रच्या वर गेला. ३० नोव्हेंबर १७८२ ला अमेरिकन वकिलांनी व्हेर्जेनना न विचारता ब्रिटनबरोबर प्राथमिक तहावर सह्या केल्या, तेव्हा फ्रँकलिनला त्यांची समजूत काढणारं एक गोड पत्र लिहावं लागलं. आणि त्यानंतर लगेच फ्रान्सकडून सहा लाखांचा हप्ताही निघाला. अमेरिकेच्या नवीन सरकारकडे फेडायला पैसे नव्हते. १७८५ मध्ये व्याज थांबलं, १७८७ मध्ये मुद्दलाचा हप्ताही चुकला.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. १७८३ मध्ये बंदरं उघडली आणि ब्रिटिश माल अमेरिकेत लोंढ्यासारखा आला. फ्रेंच व्यापारी बघत राहिले. १७९० च्या सुमारास अमेरिकेत येणाऱ्या मालाचा फार मोठा हिस्सा ब्रिटनचा होता. कारणं दुकानात उभं राहून बघितली तर साधी आहेत. फिलाडेल्फियाच्या दुकानदाराला खिळे, कुलपं, घोंगड्या, सुती कापड, चिनीमातीची भांडी एकाच पेढीकडून, एकाच पत्राने, ओळखीच्या मापात हवी होती. लंडनची पेढी ते सगळं एका जहाजात भरून द्यायची आणि पैशाला बारा महिने, कधी त्याहून जास्त थांबायची. नान्त किंवा बोर्दोचा व्यापारी रोख मागायचा, नाहीतर थोड्या दिवसांची मुदत द्यायचा. त्याच्याकडे वाइन, ब्रँडी, रेशीम उत्तम. पण शेतकऱ्याच्या घरात रोज लागणारा माल महाग किंवा भलत्याच मापाचा. भाषा वेगळी, वजनं वेगळी, कायदा वेगळा. आणि अमेरिकन माणूस फ्रान्सला तंबाखू विकून जे लिव्ह्र मिळवायचा, ते हुंडीने लंडनला जायचे, तिथली उधारी फेडायला. फ्रान्सचा पैसा फ्रान्समध्ये राहतच नव्हता.

हे सगळ्यात चांगलं कुणाला कळलं होतं तर थॉमस जेफरसनला. १७८५ ते १७८९ तो पॅरिसमध्ये अमेरिकेचा वकील होता आणि व्यापार फ्रान्सकडे वळवायला त्याने जिवाचं रान केलं. स्वतः मात्र तो ब्रिस्टल आणि ग्लासगोच्या पेढ्यांचा कर्जदार होता. सासऱ्याकडून आलेलं कर्ज वर्षानुवर्षं डोक्यावर होतं. व्हर्जिनियाचे मळेवाले बापाकडून मुलाकडे चालत आलेल्या कर्जामुळे लंडनच्या पेढ्यांची जणू मालमत्ताच झाले होते, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय. स्वतःचं दुखणं सांगणाऱ्या माणसाचं ते वाक्य आहे.

त्याची मोठी लढाई तंबाखूची. एक पिंप डोळ्यांपुढे आणा: लाकडी, माणसाच्या छातीएवढं उंच, आत दाबून भरलेला हजार पौंड, म्हणजे साडेचारशे किलो तंबाखू. व्हर्जिनियात ते रस्त्याने लोटत धक्क्यावर आणायचे. जहाजाने ते लोरियाँ बंदराला गेलं की तिथे गिऱ्हाईक किती? एक. फ्रान्समध्ये तंबाखूची खरेदी, कारखाने, विक्री हा सगळा राजाने दिलेला मक्ता होता आणि तो ‘फर्म जेनेराल’ या मक्तेदारांच्या संस्थेकडे होता. राजाला त्यातून हुकमी उत्पन्न मिळायचं, म्हणून कुणी हात लावायला धजत नव्हतं. युद्धाआधी हे मक्तेदार व्हर्जिनियाचाच तंबाखू ग्लासगोच्या पेढ्यांकडून घ्यायचे. १७८५ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट मॉरिसशी एकट्याशी सौदा केला: तीन वर्षं, दरसाल वीस हजार पिंपं, क्विंटलला ३६ लिव्ह्र, वर दहा लाख आगाऊ. हा क्विंटल जुना फ्रेंच, सुमारे ४९ किलोचा. विकणारा एक, घेणारा एक. व्हर्जिनियात भाव कोसळले. जेफरसनने लाफाएतच्या, म्हणजे अमेरिकेसाठी लढलेल्या फ्रेंच सरदाराच्या, मदतीने दरबारात धरणं धरावं तसा पाठपुरावा केला. २४ मे १७८६ ला बेर्नी इथल्या बैठकीत ठरलं की असा सौदा पुन्हा करायचा नाही आणि मॉरिसशिवाय इतरांकडूनही दरसाल बारा ते पंधरा हजार पिंपं घ्यायची. मक्ता मात्र तसाच राहिला. तहात ‘खुला व्यापार’ लिहिलेलं आणि धक्क्यावर एकच खरेदीदार, हे मी आजही पाहतो, तेव्हा मला बेर्नीची आठवण होते.

व्हेलच्या तेलाची गोष्टही तशीच. ब्रिटनने परक्या तेलावर टनाला अठरा पौंडांहून जास्त जकात लावली आणि व्हेलच्या शिकारीवर जगणाऱ्या अमेरिकेतल्या नँटकेट बेटाचं पोट उपाशी पडलं. तिथला विल्यम रॉच १७८६ मध्ये आपली जहाजं घेऊन फ्रान्सच्या डंकर्कला निघून गेला. १७८७ च्या अखेरीस फ्रान्सने अमेरिकन तेलाची जकात कमी केली. पुढच्या सप्टेंबरात सगळ्याच परक्या तेलावर बंदी घातली. डिसेंबरात जेफरसनच्या खटपटीने अमेरिकेला वगळलं. वर्षभरात तीनदा नियम बदलले तर कुठला व्यापारी जहाज बांधेल?

बेटांचं काय झालं? इथे फ्रान्स ब्रिटनपेक्षा उदार निघाला. ब्रिटनने १७८३ मध्ये आपली बेटं अमेरिकन जहाजांना बंद केली. फ्रान्सने ३० ऑगस्ट १७८४ च्या हुकमाने सात बंदरं ठरावीक मालापुरती उघडली. लाकूड, जनावरं, खारवलेलं गोमांस, मासे, तांदूळ, मका आत. बेटांवरून रम आणि मळी बाहेर नेता यायची. गव्हाचं पीठ नाही, साखर नाही. तेवढ्यावरही बोर्दो आणि नान्तचे व्यापारी खवळले, कारण बेटांना खाऊ घालण्याचा हक्क ते आपला मानत. उरलेलं चोरट्या मार्गाने चालायचं, पूर्वीसारखंच.

मग अमेरिकेत नवी राज्यघटना आली आणि १७८९ मध्ये जहाजांवरचा टनकर बसला: अमेरिकन जहाजाला टनामागे ६ सेंट, परक्याला ५० सेंट. तह केलेल्या देशांना, म्हणजे मुख्यतः फ्रान्सला, कमी दर द्यावा असं प्रतिनिधीगृहातल्या जेम्स मॅडिसनचं म्हणणं होतं. सिनेटने ते उडवलं. ज्याने आरमार पाठवलं तो आणि ज्याने शहरं जाळली तो, दोघांना पन्नासच सेंट. अर्थमंत्री हॅमिल्टनची बाजूही समजून घ्या: केंद्र सरकारचं उत्पन्न जवळजवळ सगळं आयात जकातीचं, आणि आयात बहुतेक ब्रिटनची. ती अडवली तर पगार कुठून द्यायचे? फ्रान्सने तहाच्या पाचव्या कलमावर बोट ठेवून तक्रार केली. १७९१ च्या सुरुवातीला सिनेटने ती फेटाळली. त्याच वर्षी फ्रेंच राष्ट्रीय सभेने तंबाखूचा मक्ता मोडला, ज्यासाठी जेफरसन झुरला होता; पण नवी जकात अशी लावली की फ्रेंच जहाजातून आलेल्या तंबाखूला क्विंटलला १८ लिव्ह्र १५ सू (वीस सूंचा एक लिव्ह्र) आणि अमेरिकन जहाजातून आलेल्याला २५ लिव्ह्र. सव्वासहा लिव्ह्रच्या त्या फरकात अमेरिकन जहाजमालकाचं अख्खं भाडं बुडत होतं.

प्रश्नाचा दुसरा भाग, तोफांचा. १७९३ मध्ये फ्रान्स-ब्रिटन युद्ध पेटलं आणि ती ‘कायमची’ हमी दाराशी आली. नवा फ्रेंच वकील जेने ८ एप्रिलला चार्ल्स्टनला उतरला आणि अमेरिकन बंदरांतच खासगी लढाऊ जहाजांना परवाने वाटू लागला. वॉशिंग्टनने २२ एप्रिलला तटस्थता जाहीर केली. १७९४ मध्ये अमेरिकेने ब्रिटनशी जो तह केला त्यात जहाजबांधणीचं सामान युद्धसामग्री ठरवलं आणि ब्रिटनला फ्रेंच माल अमेरिकन जहाजांवरून उचलू देण्याचं मान्य झालं. फ्रान्सच्या नजरेत हा उघड विश्वासघात होता, आणि कलमं शेजारीशेजारी ठेवून वाचली की त्यांचा राग कळतो.

त्यांनी घेतलेला सूड मात्र कागदाचा होता. २ मार्च १७९७ च्या फरमानाने ठरलं की अमेरिकन जहाजावर ‘रोल देकिपाज’ नसेल तर जहाज मालासकट जप्त. रोल देकिपाज म्हणजे खलाशांची नावनिशीवार यादी, ठरलेल्या नमुन्यात, बंदरातल्या अधिकाऱ्याची सही असलेली. १७७८ च्या तहाला जोडलेला नमुना होता तो जहाजाच्या परवान्याचा. खलाशांच्या अशा यादीचा नव्हता. अमेरिकन जहाजांनी तो कागद त्या नमुन्यात कधी बाळगलाच नव्हता. ग्वादलूपच्या किनाऱ्याशी एखादा फ्रेंच परवानाधारी जहाजावर चढतो, कप्तान परवाना दाखवतो, मालाची बिलं दाखवतो, आणि चढलेला माणूस विचारतो तो एक कागद. तो नाही म्हटल्यावर पीठ, मासे, घोडे, जहाज, सगळं गेलं. एका कागदावाचून कंटेनर अडकल्यावर निर्यातदाराचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय. इथे तर परत मिळण्याची आशाच नव्हती. जून १७९७ पर्यंत तीनशेहून अधिक जहाजं धरली गेल्याची नोंद परराष्ट्रमंत्री पिकरिंगने काँग्रेसपुढे ठेवली. समेटासाठी गेलेल्या तिघा वकिलांकडे फ्रेंच परराष्ट्रमंत्री तालेराँच्या दलालांनी पन्नास हजार पौंड लाच आणि वर मोठं कर्ज मागितलं. ७ जुलै १७९८ ला काँग्रेसने दोन्ही तह रद्द केले आणि दोन वर्षं समुद्रावर अघोषित युद्ध चाललं.

३० सप्टेंबर १८०० ला समेट झाला. सौदा असा: अमेरिकेने जप्त जहाजांच्या भरपाईचा दावा सोडला, फ्रान्सने जुन्या तहांचा, त्या कायमच्या हमीसकट. तीन वर्षांनी लुइझियाना विकताना पुन्हा सर्वाधिक पसंतीचं कलम घातलं, आणि पुन्हा तोच वाद: १८१५ मध्ये ब्रिटिश जहाजांना दिलेली सवलत आम्हालाही द्या, असं फ्रान्स म्हणाला. अमेरिकेचं उत्तर ठरलेलं होतं: त्यांनी मोबदला दिला, तुम्ही द्या. १८३१ पर्यंत तो रेंगाळला.

बोमार्शेचं राहिलं. १७८३ च्या कर्जकरारात फ्रान्सने १७७८ पूर्वीच्या तीस लाख लिव्ह्रच्या भेटीची नोंद केली होती, पण अमेरिकेच्या बँकरकडे वीसच लाख जमा होते. तो हरवलेला दहा लाखांचा आकडा कुणाला दिला, हे १७९४ मध्ये कळलं: १० जून १७७६ ची पावती निघाली, खाली सही बोमार्शेची. मग अमेरिकन सरकारात म्हणू लागले, याला तर आपल्या वाट्याचे आधीच मिळालेत. तो १७९९ मध्ये वारला. १८३५ मध्ये वारसांपुढे पर्याय ठेवला गेला: आठ लाख फ्रँक घ्या, नाहीतर काहीच नाही. त्यांनी घेतले.

जहाजवाल्यांना त्याहून जास्त थांबावं लागलं. दावा सरकारने सोडला होता, माल त्यांचा गेला होता. त्यासाठी कोर्टात जायची वाट काँग्रेसने उघडली ती २० जानेवारी १८८५ ला, आणि तिथे पणतू-नातू येऊन उभे राहिले, पणजोबांच्या जहाजाचे कागद आणि विम्याच्या पावत्या घेऊन.